टिकल्या

गणपतीच्या अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहून दे, असं संपादिकाताईंनी सांगितलं होतं. मी नंदगडच्या गणपतीबद्दल लिहायला बसलेही होते. तेवढ्यात लेकीच्या शाळेची ईमेल आली, की या आठवड्यात चौथीच्या वर्गाला बंदूक सुरक्षेचा धडा असेल. मग मोदक बाजूला राहिले.

आपण टेनेसीत राहणाऱ्यांना हे आता नवं नाही. 2024 मध्ये इथे कायदा झाला आणि 2025-26 च्या शालेय वर्षापासून सगळ्या सरकारी शाळांत हा धडा आला. वर्गात खरी बंदूक आणायची नाही, गोळ्या आणायच्या नाहीत आणि बंदूक बाळगावी की नाही यावर एका बाजूने बोलायचं नाही, असं त्यात आहे. मुलांना फक्त ओळखायला शिकवायचं: ही बंदूक, हिला हात लावू नकोस, मोठ्या माणसाला सांग. मार्च 2023 मध्ये नॅशव्हिलच्या कव्हनंट शाळेत तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली, तो दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर बंदुकांवर काही बंधन येईल असं अनेकांना वाटत होतं. आला तो हा धडा.

लेक घरी आली आणि तिने चारही वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. थांब. हात लावू नको. तिथून निघून जा. मोठ्यांना सांग. मी पोळ्या लाटत होते. माझा हात थांबला, कारण हे सगळं मला तिच्याच वयात पाठ होतं. मला ते नंदगडला माझ्या आबांनी शिकवलं होतं.

ज्यांना नंदगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खानापूरच्या पुढे, हल्याळच्या वाटेवरचं आमचं गाव. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी इथेच फाशी दिलं. त्याच्या समाधीपाशी वडाला लोक अजून पाळणे बांधतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि शेताच्या पलीकडे लगेच रान. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत असं लोळवून जातात की सकाळी बांधावर उभं राहून रडावंसं वाटतं. म्हणून राखण. शेतात माळा, माळ्यावर कंदील, घोंगडं आणि आबांची ठासणीची बंदूक.

त्या बंदुकीला परवाना होता. आपल्याकडच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूदच आहे. आबा तो परवाना रेशनकार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आबा चरफडत जायचे. “मतं मागायला येणारे माझं भात राखणार काय?” असं ठाण्याच्या पायरीवरच म्हणायचे, पण पावती घेऊन, बंदूक देऊन यायचे. ती आपला हक्क आहे असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. सरकारने कामापुरती दिलेली वस्तू, एवढाच त्यांचा हिशोब.

आता गंमत बघा. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. इंग्रजांच्या 1878 च्या शस्त्र कायद्याचा राग होताच. पण डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. एकाच वस्तूबद्दल दोन देशांनी दोन वाटा धरल्या. इथे 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती आहे. 2008 च्या हेलर खटल्यात तर वॉशिंग्टन शहराचा घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याचा नियमसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. हा निकाल मी दोनदा वाचला. कुलपाशी आले की मला पुढे जाववत नाही.

त्याचं कारण ताई.

मी नऊ वर्षांची होते. दिवाळी होती, भात कापणीला आलं होतं. ठासणीच्या बंदुकीची एक अडचण असते. नळीत वरून दारू भरायची, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा ठासायचं. एकदा भरली की ती सहज रिकामी होत नाही; बार काढणं हाच सोपा मार्ग. आबा बहुतेक वेळा हवेतच बार काढायचे, डुकरं आवाजाने पळायची. पण ज्या रात्री डुकरं यायची नाहीत, त्या सकाळी बंदूक भरलेलीच घरी यायची. दारू महाग, उगाच कशाला वाया घालवायची? आबा घोड्याखालची टोपी काढून कनवटीला लावायचे आणि बंदूक माजघरातल्या खुंटीला टांगायचे. टोपीशिवाय ती उडत नाही, म्हणून ती त्यांच्या लेखी रिकामीच.

आम्हा पोरांना नियम पाठ होता. बंदुकीखाली उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, कुणी लावला तर मोठ्यांना हाक मारायची. आबा जेवताना मधेच विचारायचे आणि आम्ही एका सुरात सांगायचो. सगळ्यांत मोठा आवाज दादाचा, माझ्या चुलत भावाचा. तो बारा वर्षांचा होता.

त्या दुपारी दादाच्या खिशात दिवाळीच्या टिकल्या होत्या. खेळण्यातल्या पिस्तुलाचा घोडा मोडला होता. मोठ्या बंदुकीवर टिकली कशी वाजते ते बघू, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. चार टिकल्या एकावर एक लावल्या. मी उंबऱ्यात उभी होते. नियमाप्रमाणे मी हाक मारायला हवी होती. पण मलाही टिकली वाजलेली ऐकायची होती.

आवाज झाला तेव्हा घरभर धूर आणि कौलांची माती. बरेचसे छर्रे दाराच्या चौकटीत गेले. उरलेले ताईच्या पोटरीत. ती परसातून पाण्याची कळशी घेऊन आत येत होती. तिला जीपमध्ये घालून बेळगावच्या दवाखान्यात नेलं. पोलीस आले, पंचनामा झाला. ताई वाचली, पण पाय थोडा ओढत चालायला लागली ती कायमची. दादाला कुणी मारलं नाही. आबांनी तर त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, “चूक माझी रे. मी भरलेली टांगली.” त्यानंतर काही महिन्यांनी बंदूक ठाण्यातून परत आली, तेव्हा आज्जीने कडी-कुलपाची लाकडी पेटी करून घेतली. किल्ली तिच्या कमरेला. आबांना राखणीला जाताना तिच्याकडे मागून घ्यावी लागायची. आणि डुकरं आली नाहीत तरी घरी येण्याआधी बांधावर बार काढूनच यायचं, हा आज्जीचा दुसरा नियम. दारू गेली तर गेली.

पुढे बेळगावला कॉलेजात एनसीसीत मी पॉइंट टू टू रायफल चालवली. तिथे बंदूक शिकवतात तशी नीट शिकवतात. हुकमाशिवाय बोट चापाकडे नाही, नळी नेहमी समोर, शेवटी प्रत्येकाची रायफल उघडून तपासायची. पण तिथेही संध्याकाळी रायफली मोजून कोठारात जायच्या. आम्ही शहाणे झालो म्हणून कुणी त्या आमच्या खाटेखाली ठेवल्या नाहीत.

म्हणून इथल्या धड्याला माझा विरोध नाही. मूल शिकलं तर चांगलंच. नॅशनल रायफल असोसिएशनने याच चार वाक्यांचा कार्यक्रम 1988 मध्ये सुरू केला. पण संशोधकांनी लहान मुलांना तो शिकवून, मग निकामी केलेली बंदूक खोलीत ठेवून पाहिलं, तेव्हा वाक्यं पाठ असलेली मुलंसुद्धा ती हाताळायला गेली. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी लेकीला विचारलं, “आणि तुझ्या मैत्रिणीनेच उचलली तर?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग मी तिला सोडून पळू?” याचं उत्तर तिच्या धड्यात नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही नंदगडला गेलो होतो, तेव्हा ताईने तिला आपली पोटरी दाखवली होती. दोन छर्रे अजून कातडीखाली आहेत. बोट फिरवलं की वाटाण्यासारखे सरकतात. लेकीने तेव्हा हात झटकन मागे घेतला होता. धड्याच्या रात्री झोपताना तिने विचारलं, “मावशीला तो धडा माहीत होता का?” मी म्हटलं, तिला तर सगळ्यांत नीट माहीत होता.

आता मी एक काम करते, जे आपल्या लोकांत फार अवघड जातं. लेक कुणाकडे राहायला जाणार असेल तर आधी विचारते: घरात बंदूक आहे का, आणि कुठे ठेवता? आमचे शेजारी हरणाच्या शिकारीला जाणारे. मी चाचरत विचारलं, तर त्यांनी लगेच गॅरेजमध्ये नेऊन लोखंडी तिजोरी उघडून दाखवली आणि विचारल्याबद्दल आभार मानले. आपल्या एका मराठी ओळखीच्यांना विचारलं, तर ते दुखावले. “आम्ही काय तसले वाटलो का?” दोन महिन्यांनी कळलं, की एका चोरीनंतर घेतलेलं पिस्तूल त्यांच्या पलंगाशेजारच्या खणात आहे.

या गणपतीला आणखी एका घरी जायचंय. पोरं वरच्या खोलीत खेळणार, आपण खाली आरती करणार. मी परवा मेसेज टाकला: मोदक किती आणू? आणि विचारायचं म्हणून विचारते, घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे ना?

उत्तराला दीड तास लागला. मग आलं: “21 आण. आहे, कपाटात आहे. शनिवारी पेटी आणतो, मग मुलांना वर सोडू.”