सरवा वेचणाऱ्या तिघी

पॅरिसला जाणाऱ्या आयफेल टॉवर पाहतातच. पण जमलं, तर साठेक किलोमीटरवरच्या बार्बिझाँ गावीही वाट वाकडी करून जावं. फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून असलेलं हे टुमदार खेडं. एक मुख्य रस्ता, दुतर्फा दगडी घरं. तिथल्या गान यांच्या खाणावळीत एकेकाळी चित्रकार उतरत. त्यांनी कपाटांच्या दारांवर काढलेली चित्रं आजही पाहायला मिळतात.

याच रस्त्यावर झाँ फ्रान्स्वा मिले यांचं घर आहे. १८१४ साली नॉर्मंडीत शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले मिले लहानपणी स्वतः शेतात राबलेले. १८४९ मध्ये ते बायकोमुलांना घेऊन इथं आले आणि १८७५ मध्ये इथंच वारले. नऊ मुलांचा संसार, त्यात पैशांची नेहमीचीच ओढाताण!

त्यांचं १८५७ मधलं ‘सरवा वेचणाऱ्या’ हे चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. कापणीनंतर शेतात पडलेल्या गव्हाच्या ओंब्या वेचायची गोरगरिबांना मुभा असे. चित्रात तशाच तिघी जणी आहेत. दोघी अगदी कमरेत वाकलेल्या. त्यातल्या एकीचा हात पाठीवर. तिसरी अर्धवट उभी, हातात ओंब्यांची जुडी. मागे लांबवर गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम. सुगी तिकडे, यांच्या वाट्याला ओटीत मावेल तेवढं!

पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र काही टीकाकारांना मुळीच रुचलं नाही. १८४८ ची क्रांती ताजी होती. एवढ्या मोठ्या आकारात गरीब बायका रंगवणं त्यांना धोक्याचं वाटलं. मला विचाराल तर, यात कसली आली धमकी? या बायका आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना सूर्य मावळायच्या आत ओटी भरायची आहे.

पुढे १८८९ मध्ये मिले यांचंच ‘आंजेलूस’ हे चित्र लिलावात साडेपाच लाख फ्रँकच्या वर गेलं. त्यांच्या कुटुंबाला त्यातलं काहीच मिळालं नाही. पुनर्विक्रीत चित्रकाराला वा त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा फ्रान्समध्ये आला तो १९२० साली. म्हणजे चित्रकाराच्या घरच्यांच्या हातीही सरवाच!

ऑर्सेला गेलात, तर या तिघींपुढे जरा थांबा. तो पाठीवरचा हात नीट पाहा. त्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.