तानपुरा गेला

"तानपुरा गेला," बाबा फोनवर म्हणाले, तेव्हा मला वाटलं कपाटावरून पडला. सांगलीच्या घरात मिरजेहून घेतलेला एक तानपुरा गवसणीत घालून ठेवलेला आहे. गेली पंधराएक वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. मी विचारलं, "भोपळा फुटला का?"

"तो नाही रे. गाण्यातला. हेडफोनमध्ये गुरुजी ऐकू येतात, तबला येतो, पेटी येते. तानपुरा नाही."

बाबा ७८ वर्षांचे. आई गेल्यावर आम्ही त्यांना संगणक घेऊन दिला, तो दोन कामांसाठी. एक, ताई मेलबर्नला असते, तिच्याशी दर रविवारी बोलता यावं. दुसरं, घरातल्या कॅसेट्स मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, त्या ऐकता याव्यात. हेडफोन मुद्दाम बिनवायरचा घेतला. वायरचा होता तेव्हा ते दारावरची बेल वाजली की तसेच उठत आणि टेबलावरचं सगळं सामान त्यांच्यामागून निघे.

तर तानपुरा गेला. मी मनात म्हटलं, वय झालं. रजा काढून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली, आलेख निघाला. खालच्या स्वरांना रेघ बऱ्यापैकी सरळ, २००० हर्ट्झपाशी वाकायला लागलेली आणि ४००० ते ८००० च्या दरम्यान चक्क दरीत उतरलेली. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार आहे, यंत्राचा विचार करा. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. उत्तर मिळालं होतं, आणि ते माझ्या अंदाजाशी जुळत होतं.

बाबांनी कागदाची नीट घडी घातली. रिक्षात म्हणाले, "पण टेपरेकॉर्डरवर येतो."

मी ते ऐकलं नाही. कान माझे चांगले आहेत, पण ऐकलं नाही.

पुढे दोन महिन्यांनी एका शनिवारी सांगलीला गेलो असताना हेडफोन पुसायला घेतला आणि सहज स्वतःच्या कानाला लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गुरुजी गात होते, पण पूर्वी ट्रंक कॉलवर कुणी गावाकडून बोलावं तसे. डावं-उजवं काही नाही, सगळं एका नळीतून. तबल्याची चाट कापडात गुंडाळलेली. आणि तानपुरा खरंच नव्हता. त्याच्या जागी एक पुसट खरखर होती.

सेटिंगमध्ये पाहिलं तर एकाच हेडफोनची दोन नावं दिसली. एकापुढे 'स्टीरिओ' आणि दुसऱ्यापुढे 'हँड्स-फ्री'. निवडलेलं होतं ते हँड्स-फ्री. शेजारच्या मुलानं केलं होतं म्हणे, मध्यंतरी आवाजच येईना म्हणून. मी विजयी मुद्रेनं स्टीरिओ निवडलं. पूर्ण शांतता. हँड्स-फ्रीवर आलो की नळीतले गुरुजी परत हजर.

म्हणजे ड्रायव्हर बिघडलाय, असं मी ठरवलं. संगणकावर काहीही बिघडलं की आपण ड्रायव्हर म्हणतो, जसं पोटात काहीही झालं की पित्त. ड्रायव्हर काढला, परत टाकला. ब्लूटूथची जोडणी मोडून पुन्हा जुळवली. नवा ड्रायव्हर उतरवला, मग जुन्यावर परत गेलो. प्रत्येक वेळी संगणक बंद करून सुरू करायचा, आणि प्रत्येक वेळी बाबा शेजारून आठवण करायचे, "आधी लिंक लाव." रविवारच्या कॉलची लिंक. संध्याकाळी देवापाशी दिवा लावावा तशी ती संगणक सुरू झाल्याबरोबर लावायची, असा घरचा नियम दिसला. मी लावायचो आणि मग गाणं लावून बघायचो. शांतता.

पाचव्या-सहाव्या खेपेला बाबा अंघोळीला गेले होते, त्यामुळे लिंक राहिली. स्टीरिओवर गाणं लावलं आणि खोली भरून गेली. मी ओरडून सांगितलं, "झालं दुरुस्त!" ते पंचा खांद्यावर टाकून आले, खुर्चीत बसले, आणि हेडफोन घालण्याआधी त्यांनी लिंक लावली. गाणं मधेच तुटलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक चिमुकला माइक उगवलेला मला दिसला.

ड्रायव्हर बिचारा बरोबर वागत होता. ब्लूटूथवर आवाज नेण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. गाण्याचा रस्ता रुंद आहे: दोन्ही कान वेगळे, सेकंदाला ४४,१०० नमुने, ३२८ किलोबिटपर्यंत माल. पण तो एकेरी आहे, त्यावरून माइकचा आवाज परत येत नाही. बोलायचं असेल तर दुसरा रस्ता, फोनसाठी आखलेला. तो दुहेरी, म्हणून अरुंद: एकच वाहिनी, जुन्या पद्धतीत सेकंदाला फक्त ८००० नमुने आणि ६४ किलोबिट. ८००० नमुन्यांत ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. या संगणकाची प्रणाली जुनी, त्यामुळे ती दोन रस्ते दोन उपकरणांसारखे दाखवत होती. कुठल्याही अॅपनं हेडफोनचा माइक उघडला की स्टीरिओ मुका. अॅपमध्ये आपला आवाज बंद केलेला असला तरी माइक उघडाच राहू शकतो.

बोलण्याला तेवढं पुरतं, कारण शब्द कळतात. तानपुऱ्याला पुरत नाही. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुती दोरा तारेतून जे ओढून काढतो, ती सगळी वरची सोयरीक असते. छेडल्या जागेमुळे जे उपस्वर निघायलाच नकोत तेही तानपुऱ्यात निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं आहे. ते कापून टाकले की उरतो तो घुमारा. डॉक्टरांच्या आलेखावरची दरी आणि फोनच्या रस्त्याची कात्री, दोघांनी एकाच बाजूनं माल नेला होता, आणि मी त्यातल्या एकालाच पकडून खटला मिटवला होता.

"बाबा, लिंक आठवडाभर कशाला चालू ठेवता? ताई रविवारीच येते ना?"

"असू दे की. कुणी मधेच आलं तर?"

कुणी आलं होतं का, ते मी विचारलं. आलं होतं, एकदा. एका बुधवारी नात शाळेतून घरी आल्यावर उगाचच आली होती, दहा मिनिटं. तेव्हा ते समोर होते म्हणून भेट झाली. त्यानंतर त्यांनी ती खोली बंद केली नाही. पडद्यावर स्वतःचाच चेहरा, खाली 'तुम्ही एकटेच आहात' असं काहीतरी लिहिलेलं, आणि शेजारी नळीतले गुरुजी.

लिंक बंद करा, असं सांगणं सोपं होतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबरही होतं. मी संध्याकाळी बाजारात जाऊन यूएसबीला लागणारा वायरचा छोटा माइक आणला आणि टेबलाला चिकटवला. अॅपला सांगितलं, ऐकायचं ते यातून. मग हेडफोनच्या गुणधर्मांत सेवांची यादी उघडून 'हँड्स-फ्री टेलिफोनी'समोरची खूण काढली. ते दुसरं नाव यादीतून नाहीसं झालं. आता खोली उघडी आणि गाण्याचा रस्ताही मोकळा. कुणी असा खेळ करणार असेल तर ड्रायव्हरच्या आधी घड्याळाशेजारचा माइक बघावा, माझा एक शनिवार त्यात गेला.

रात्री त्यांनी १९८४ ची मैफल लावली. डेकला दोन माइक लावून केलेलं ते रेकॉर्डिंग. गुरुजींच्या मागे दोन तानपुरे होते. मी म्हटलं, "आला का?"

हातानं गप्प बस म्हणाले. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोनची डावी बाजू कानाशी दाबून धरली.

"पूर्वीइतका नाही. पण आहे. डाव्या बाजूचा मी." मग म्हणाले, "पंचम जरा उतरलाय माझा. गुरुजी बोलले नाहीत त्या दिवशी."

यंत्रासाठी डॉक्टरांकडची गुरुवारची वेळ घेतलेली होती, ती मी तशीच ठेवली.