चार दिवस चुलीचे

सुखाची साधने जोवर मुकाट्याने आपले काम करीत असतात, तोवर त्यांची आठवण कोणासही होत नाही. भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, म्हणजे मगच ते टिकटिक करीत होते हे आपल्या ध्यानात येते. आमच्या बारामतीच्या घरातील गॅसची शेगडी व न्हाणीघरातील विजेचा गीझर ह्या दोन मुक्या सेवकांविषयी असेच घडले. आणि तेही सन २०२३ च्या नाताळास अवघे तीन दिवस उरले असता!

शुक्रवार, ता. २२ डिसेंबरची संध्याकाळ. आम्हां तिघां भावंडांनी करंज्या भरून परातीत मांडल्या होत्या. आई पहिला घाणा कढईत सोडणार, तोच कुजक्या कोबीसारखा उग्र दर्प आला. आईने तत्काळ शेगडी व टाकीचा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि विजेच्या एकाही बटणास हात लावू नका, असे आम्हांस बजावले. ह्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात हा दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. शिवाय हा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो, आणि मग बटणाची एक ठिणगीही अनर्थास पुरते. अंगणात जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा एक गृहस्थ आले. त्यांनी रबरी नळी वाकवून तिच्यावरील चिरा दाखविल्या. अशी नळी ५ वर्षांनी बदलावी लागते. आमच्या नळीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. शेगडीचा कॉकही झिजला होता, आणि तो मंगळवारपूर्वी मिळण्यासारखा नव्हता. दोष दुसऱ्या कोणाचा म्हणावा? नळीवर छापलेले वर्ष आमच्यापैकी एकानेही कधी वाचले नव्हते. त्या रात्री आम्ही पाव व केळी खाऊन निजलो.

शनिवारी सकाळी गीझरने धुराची एक रेघ सोडून प्राण सोडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच! आमच्या कूपनलिकेचे पाणी जड आहे. असे पाणी तापले की त्यातील चुन्याचे क्षार वेगळे होऊन गीझरच्या तापणाऱ्या कांबीवर त्यांचे पापुद्रे बसतात. कांबीची उष्णता पाण्यास पोहोचत नाही आणि अखेर ती स्वतःच जळून जाते. शास्त्राच्या तासाला हे सारे आम्ही पाठ म्हणून दाखविले होते. परंतु ते ज्ञान पहाटेच्या गारठ्यात थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेईपर्यंत डोक्यातच राहिले होते.

नाताळासाठी आजीस आणावयास आम्ही त्याच दिवशी इंदापुरास जाणार होतो. आईने फोनवर हकीकत सांगताच आजी हसून म्हणाली, "अगं, मग माझा बंब आहे की माळ्यावर!" आम्ही एस. टी. ने भवानीनगर, निमगाव केतकी असे करीत आजोळी पोहोचलो. मामाने माळ्यावरून तांब्याचा बंब उतरविला. त्याच्या पोटात मधोमध विस्तवाची नळी व तिच्याभोवती पाणी अशी रचना असते. विस्तव चहूंकडून पाण्याने वेढलेला असल्यामुळे थोड्या ढलप्यांत पुष्कळ पाणी तापते. बंब, बाभळीचे सरपण, गोवऱ्या व आजी असा सर्व सरंजाम मामाच्या टेंपोत घालून आम्ही परत निघालो.

गाळपाचा हंगाम चालू होता. रस्त्याच्या कडेला, फडाच्या रानात, ऊसतोडणीस आलेल्या कुटुंबांच्या कोप्या होत्या. विस्तव पेटवावयास थोडे पाचट मागून घ्यावे म्हणून मामाने टेंपो थांबविला. एका कोपीपुढे तीन दगडांची चूल होती आणि आमच्याच वयाची एक मुलगी धाकट्या भावास मांडीवर घेऊन ती फुंकीत होती. तिच्या आईने कवळाभर पाचट आणून दिले. पैसे घेतले नाहीत. ती मुलगी मात्र नवलाने म्हणाली, "तुमच्यात चूल न्हाई व्हय?" आम्ही म्हणालो, "नाही. आज रात्री मांडायची आहे." त्यावर ती हसली. तिच्या हसण्यात चेष्टा नव्हती; परंतु आमची मान का कोण जाणे खाली गेली.

रात्री अंगणात विटांची चूल मांडली. पहिला अर्धा तास नुसता धूर झाला. मग आजीने आमच्या हातची फुंकणी घेतली, लाकडे थोडी मागे ओढून खाली वाऱ्यास वाट करून दिली आणि ज्वाळा उठली. रविवारी करंज्या, चकल्या, शंकरपाळे सर्व काही त्या चुलीवर झाले. केकसाठी जाड पातेल्यात वाळू घातली, वाळूवर केकचा डबा ठेवला आणि झाकणावर निखारे पसरले. केक खालून करपला, वरून फुगला आणि सर्वांगी धुराचा वास घेऊन आला. तरी तो पाच मिनिटांत संपला. नाताळच्या पहाटे बंबाच्या कढत पाण्याने स्नाने करून आम्ही वेळेवर उपासनेस गेलो.

ह्या विजयाने आम्हांस जरा चढल्यासारखे झाले. दादा म्हणाला, "आजी, आता रोजच चूल ठेवू. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत चुलीवरच्या जेवणाची पाटी असते, आणि लोक त्याचे जास्त पैसे मोजतात!" आजीने लगेच उत्तर दिले नाही. तिला खोकल्याची उबळ आली होती. आईचे डोळे तर दोन दिवस लाल होते. उबळ थांबल्यावर ती म्हणाली, "बाळा, चूल बघायला छान असते. तिच्यापुढे कोण बसतं ते त्या पाटीवर लिहीत नाहीत. गॅससाठी नाव घालून आम्ही कैक वर्षं वाट पाहिली. टाकी घरात आली त्या दिवशी मी देवाचे आभार मानले, ते काय उगीच?"

आम्ही सारे गप्प झालो. आजीचा खोकला आम्ही जन्मापासून ऐकत आलो. तो कोठून आला असेल, हा विचार मात्र आमच्या मनास कधी शिवला नव्हता. पुढे आमच्या वाचनात आले की, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सन २०२० मध्ये घरांतील अशा धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आम्ही निबंधांत किती वेळा वापरली असेल! त्या प्रत्येक चुलीपुढे कोणाची तरी आई बसलेली असते, हे आम्हांस चार दिवसांच्या धुराने शिकविले.

त्याच दुपारी आजीस घेऊन मामा इंदापुरास परत निघाला, तेव्हा आईने फराळाचा एक डबा त्या पाचट देणाऱ्या कोपीसाठी दिला. त्याने तेथील धूर तिळमात्र कमी होणार नव्हता, हे आम्ही जाणतो. घेतलेल्या पाचटाची ती साधी परतफेड होती.

मंगळवारी शेगडी दुरुस्त झाली. दोन दिवसांनी गीझरही. बटण फिरविताच निळी ज्योत उठली, आणि आम्ही सारे लग्नमंडपातील वऱ्हाड्यांप्रमाणे भोवती उभे राहून तिच्याकडे पाहत राहिलो! नव्या नळीवरील वर्ष आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेविले आहे. बंब आजीने आमच्याकडेच राहू दिला. तो आम्ही दर महिन्यास चिंचेने घासून लखलखीत करितो. तो घासताना हातांस जी रग लागते, तीही आमच्या शिक्षणाचाच एक भाग होय, असे आईचे मत आहे. आणि ह्या बाबतीत आजीचेही मत आईसारखेच असल्यामुळे आमचे काही चालत नाही.