पेव आणि डबा

सी प्लस प्लसच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न : स्ट्रक्ट आणि क्लासमध्ये फरक काय? आपणही हमखास सांगतो, "सर, स्ट्रक्टमध्ये सगळं डिफॉल्ट पब्लिक, क्लासमध्ये प्रायव्हेट." मार्क मिळतात, विषय संपतो. माझाही संपला होता. मग मी सी शार्पमध्ये होस्टेलच्या मेसचा हिशोब लिहायला घेतला.

नाव, खोली नंबर, बाकी. एवढंच तर आहे, म्हणून 'सभासद' हा स्ट्रक्ट केला आणि सगळे थकबाकीदार एका लिस्टमध्ये भरले. पूर्ण पैसे आले की सभासदाला लिस्टमधून काढायचं. हप्ता आला की त्याला व्हेरिएबलमध्ये घेऊन बाकी कमी करायची. प्रोग्राम एकदाही अडला नाही. महिनाअखेरीला यादी प्रिंट करून मीच मेसच्या दारावर चिकटवली.

यादीत माझ्या रूम पार्टनरचं नाव होतं. घरचं उसाचं बिल लांबलं, म्हणून दोन हप्त्यांत पैसे भरणारा तो एकटाच. दोन्ही हप्ते त्यानं माझ्याच हातात दिले होते. तो काही बोलला नाही. त्या रात्री जेवायला मात्र आला नाही.

रात्री दोनला चूक सापडली. सी शार्पमध्ये स्ट्रक्ट लिस्टमधून हातात घेतला की त्याची कॉपी येते. मी हप्ते वजा केले ते कॉपीतून. लिस्टमधली बाकी जशीच्या तशी!

मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. आमच्याकडे हळद जमिनीखालच्या पेवात साठवायची पद्धत होती. हळद जागच्या जागी असायची. वर फिरायचं ते फक्त कुठलं पेव कुणाचं, एवढंच. क्लास म्हणजे हे पेव : हातात माल नाही, मालाचा पत्ता येतो. स्ट्रक्ट म्हणजे जेवणाचा डबा. मित्राला तसाच दुसरा भरून दिला, तर त्यानं त्यातलं खाल्ल्यावर आपला कमी होत नाही.

मग सगळंच पेवात ठेवावं का? तेही नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा त्यात ज्याचा ज्याचा वाटा होता त्या सगळ्यांचं नुकसान झालं. पत्ता अनेकांकडे असला की एकानं केलेला बदल सगळ्यांना भोगावा लागतो. म्हणून तारीख, रक्कम अशा लहान, न बदलणाऱ्या गोष्टींना स्ट्रक्ट बरा. ज्याला स्वतःची ओळख आहे आणि जो बदलतो, त्याला क्लास. सी शार्पची लिस्ट स्वतः क्लासच आहे. उलट स्विफ्टमध्ये ॲरे स्ट्रक्ट आहे, पण खरी कॉपी बदल करायच्या वेळीच होते. म्हणजे कंटेनर लिहिताना आधी ठरवायचं : घेणाऱ्याच्या हातात डबा द्यायचा की पेवाचा पत्ता?

'सभासद'चा क्लास केला, हप्ते पुन्हा भरले. सकाळी यादी फाडली आणि त्याच जागी, चूक माझी होती, असं लिहून चिकटवलं. रूमवर येऊन त्यालाही सांगितलं.

"आता किती दाखवतंय?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"मग चल. पोहे संपतील."

— तृतीय वर्ष, संगणक