माजघरात पाणी नको

ठाणे

प्रिय दादा,


कंत्राटदाराचा नकाशा मिळाला. गावचं घर पाहुण्यांना राहायला देण्याच्या मी विरुद्ध नाही. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढं उघडणारं घर शेवटी वाळवीचंच होतं. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हाच हे करायला हवं होतं. पण नकाशातल्या दोन गोष्टींवरून मी भांडणार आहे.

एक, सिमेंटचा गिलावा. आपला चिरा जांभ्याचा. खाणीत असताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हे पाहिलं आणि 1807 साली छापून आलेल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. घट्ट झाला तरी त्याची छिद्रं बुजत नाहीत. पावसाळाभर तो पाणी पितो, दसऱ्यानंतरच्या उन्हात सोडून देतो. वर सिमेंट चढवलंस की ही वाट बंद. मग ओल आतल्या बाजूला फुटते, रंगाचे पोपडे सुटतात, चौकटी कुजतात आणि कंत्राटदार म्हणतो, जुनं घर आहे, चालायचंच! बाहेरचा चिरा उघडा ठेव, दरजा चुन्याने भर. चुन्याचे गवंडी महाग पडतील. पडू देत.

दुसरी, बाळंतिणीच्या खोलीत संडास-बाथरूम. पैसे मोजणारा पाहुणा रात्री पावसात बॅटरी घेऊन परसात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण ती खोली घराच्या पोटात. पाइप चिरे फोडून न्यावे लागतील, आणि एखादा सांधा गळला तर आपल्याला कळेपर्यंत माजघराची भिंत भिजलेली असेल. त्यापेक्षा मागच्या पडवीला लागून, स्वतंत्र पायावर, न्हाणीघरांची नवी ओळ बांध. जुन्या भिंतीला फक्त दाराचा संबंध. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराला खाली; जांभ्याच्या जमिनीत पाणी कुठून कुठे झिरपेल याचा नेम नाही.

कौलं उतरवून पत्रे घालायचं मनातही आणू नकोस. माळा आणि कौलं आहेत म्हणून माजघर मे महिन्यातही थंड असतं. उजेड हवा तर चार काचेची कौलं बसव.

राहता राहिला सातबारा. न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करायची तर मालकीचे कागद लागतील, आणि आपल्या उताऱ्यावर अजून आजोबांच्या भावांची नावं आहेत. चुलत्यांचं तोंडी ‘कर रे बाबा’ पुरणार नाही. संमतीपत्रात पहिलीच ओळ घाल : गणपतीचे दिवस घर भाड्याने दिलं जाणार नाही. मग सह्या भराभर होतील. गिरगावातल्या काकांना मात्र तू फोन करू नकोस, ते फोनवर सगळ्यालाच नाही म्हणतात. त्यांच्याकडे मी जाते.

तुझी,
धाकटी