सपाट देशातले बुरूज

कतार किती सपाट आहे ते एका वाक्यात सांगतो. या देशातलं सर्वात उंच ठिकाण म्हणजे कुरैन अबू अल बौल, उंची १०३ मीटर. आणि अल रय्यानमधल्या आमच्या गच्चीवरून जो अस्पायर टॉवर दिसतो, त्याची उंची ३०० मीटर! म्हणजे माणसाने बांधलेली वस्तू देवाने बांधलेल्या डोंगराच्या तिप्पट. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) तिप्पट उंच इमारत डोळ्यापुढे आणून बघा, म्हणजे इथे राहून माझ्यासारख्या डोंगराकडच्या माणसाचं डोकं का फिरतं ते कळेल.

डोंगराकडचा म्हणजे मी परतवाड्याचा. गावाच्या उत्तरेला मेळघाटची भिंत उभी. बाबा वनखात्यात होते, वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. गेल्या जानेवारीत ते पहिल्यांदा कतारला आले. आई गेल्यानंतर दोन वर्षं मागे लागलो होतो, तेव्हा कुठे महिनाभरासाठी तयार झाले.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना अस्पायर पार्कात घेऊन गेलो. हिरवळ, तळं, बदकं, आणि शेजारी तो टॉवर. २००६ साली दोह्याला आशियाई खेळ झाले तेव्हा हीच खेळांची मशाल होती, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं (जणू मीच पेटवली होती). बाबांनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "कायले बांधला रे येवढा उंच? वरून पाहाले काय हाय?"

आता याला काय उत्तर देणार? हॉटेल आहे म्हटलं, तर "हं" म्हणाले आणि झाडांकडे वळले. झाडांशी मात्र त्यांचं लगेच जमलं. एज्युकेशन सिटीकडे एका झाडापाशी गाडी थांबवायला लावली, पान उलटं करून पाहिलं, काटे पाहिले. "अरे, हे तं आपलं बोर हाय!" ते होतं सिद्रा, इथलं मानाचं झाड. कतार फाउंडेशनच्या बोधचिन्हात तेच आहे. बोराच्याच कुळातलं निघालं. गेली अकरा वर्षं मी त्या झाडावरून रोज जातोय, मला पत्ता नाही!

इथली झाडं वाढतात तीही उलट्या जागी. आपल्याकडे जंगल बघायला वर चढावं लागतं. इथे जमिनीला जिथे किंचित खोलगटपणा असतो, तिथे पावसाचं पाणी आणि बारीक माती साचते आणि तिथेच काय ती झाडं येतात. त्या जागेला रौदा म्हणतात. रय्यान हा शब्दसुद्धा तहान भागलेला, पाणी प्यालेला अशा अर्थाचा आहे. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मंग बरोबर जागी घर घेतलं तू."

हे सगळं गोड चाललं असलं तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या लहानपणीच्या एकाही उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा घरी नव्हते. सरकारी कागदावर महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे आमच्या परीक्षा, निकाल, सुट्टी, आंबे, मामाकडची लग्नं, सगळं त्यात आलं. सागाची पानं गळून जंगलभर कुरकुरीत गादी झालेली असते. त्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकायला लागतो, आणि फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तो पसरला की वणवा. जाळरेषा आधीच काढून ठेवलेल्या असतात, तरी एखादी ठिणगी पलीकडे जातेच. मग बाबा चिखलदऱ्याच्या बाजूला टॉवरवर, नाहीतर टॉवरवरून कोणी कळवलेल्या आगीवर. आठवडा आठवडा घरी नाहीत.

संध्याकाळी जेवणं झाली की आम्ही गच्चीवर गाद्या टाकायचो. तिथून रात्री डोंगरावर आगीची लाल माळ दिसायची, हळूहळू सरकणारी. आम्हा भावंडांना ती फार आवडायची. आई मात्र माळ दिसली की काही न बोलता खाली निघून जायची. ती माळ म्हणजे बाबा आणखी चार दिवस येत नाहीत, हे तिचं गणित होतं. मला हे कळायला इंजिनियर व्हावं लागलं.

राग होता माझ्या मनात. परतवाड्याहून निघालो, पुणं, मग मस्कत, मग कतार, या सगळ्यात तो थोडा थोडा होता. मी असलं काम करणार नाही, एवढं ठरवलं होतं.

तर एका शुक्रवारी बाबांना आणि माझ्या मुलीला घेऊन मी उम्म सलाल मोहम्मदला गेलो. अल रय्यानहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तिथे बर्झान टॉवर्स आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले दोन टेहळणीचे बुरूज. १९१० साली शेख मोहम्मद बिन जासिम अल थानी यांनी त्यांची डागडुजी केली. उंची सुमारे १६ मीटर. म्हणजे अस्पायरच्या पायाच्या अंगठ्याएवढे! बर्झान म्हणजेच उंच जागा. सपाट देशात १६ मीटरलाही हे नाव शोभतं.

बाबा बुरुजाभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, "कशाची राखण करत होते रे इथून?" या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. समुद्रात मोती काढायला गेलेल्या होड्यांवर इथून लक्ष ठेवायचे. वाळवंटातून कोण येतंय ते बघायचे. शेजारच्या खोलगट भागात पाणी साचायचं, ते सांभाळायचे. आणि चंद्र बघायला याच बुरुजावर यायचे. मोत्यांसाठी माणसं उन्हाळ्यात महिनोन्महिने समुद्रावर असत, हे सांगितल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "उन्हाळ्यात?" म्हणाले. "हो," म्हटलं.

बाहेरच्या बाजूने जिना आहे. गुडघे दुखतात, नका चढू, असं मी म्हणेपर्यंत ते पाच-सहा पायऱ्या चढलेही होते. मध्ये दोनदा थांबले. वर पोचल्यावर मात्र ते वेगळेच दिसायला लागले. कमरेवर हात, डोळे बारीक. डावीकडच्या टोकापासून नजर हळूहळू उजवीकडे नेली, मग परत, थोडी अलीकडून. पुन्हा थोडी अलीकडून. नांगरणी करावी तशी. मुलीने विचारलं, "आजोबा, काय शोधताय?" तेव्हा हसून म्हणाले, "काही नाई. सवय."

मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. मला कधीच न सांगितलेलं! चुलीचा धूर सकाळ-संध्याकाळ येतो आणि विरतो, वणव्याचा थांबत नाही. दुपारी वारा फिरतो म्हणून दुपारी डोळा लावायचा नाही. धूर दिसला की कुठल्या नाल्याच्या अंगाला आहे ते ठरवायचं, कंपार्टमेंट नंबर सांगून वायरलेस करायचा. नाला चुकला तर माणसं चुकीच्या दरीत उतरतात. "एकदा मी चुकलो," म्हणाले. पुढचं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे मेसेज मोबाईलवर येतात, हे मी त्यांना सांगायला गेलो. त्यांना ते माहीत होतं. "येतात ना. पण तो उपग्रह त्याच्या टायमाले येते. आग कोनाच्या टायमाले लागते?"

पूर्वेला लुसैलच्या इमारती धुरकट दिसत होत्या. मी कुठे काम करतो ते दिसतं का, असं त्यांनी विचारलं. माझं काम डिस्ट्रिक्ट कूलिंगचं. मोठ्या प्लांटमध्ये पाणी थंड करून पाइपांनी इमारतींना पुरवायचं, आणि कंट्रोल रूममध्ये पडद्यांवर लक्ष ठेवायचं. कुठला चिलर बंद पडतोय, कुठलं तापमान चढतंय. मे ते सप्टेंबर सर्वात जास्त लोड, म्हणून त्या काळात रजा बंद. हे मी सहज सांगत होतो. तेवढ्यात आमच्या बाईसाहेब मध्येच म्हणाल्या, "म्हणून बाबा सुट्टीत कधीच इंडियाला येत नाही. मी आणि आईच जातो."

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या लक्षात आलेली गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, असं म्हणणं खोटं ठरेल. आली होती, मी ती बाजूला ठेवली होती.

खाली उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. शेवटच्या पायरीवर म्हणाले, "वैराटले नेतो म्हणत होतो तुले, लहान होता तेव्हा." वैराट म्हणजे मेळघाटातलं सर्वात उंच ठिकाण, ११७८ मीटर. मी म्हटलं, जाऊ की, जुलैअखेर जमलं तर येतो. तर म्हणाले, "पावसाळ्यात काय दिसते तिथं? धुकं. मार्चात ये."

मार्चमध्ये प्लांटवर लोड कमी असतो, रजा मिळू शकते. अडचण मुलीच्या वार्षिक परीक्षेची. वेळापत्रक आलं, परीक्षा संपते आणि नवं वर्ष सुरू होतं यात दहा दिवस मोकळे आहेत. रजेचा अर्ज टाकला, साहेबाने दोन दिवस कापून आठ दिले.

परवा फोन केला तर बाबा म्हणाले, मोह टपकाले लागला. टॉवरवर आता बाहेरच्या माणसाला चढू देतात की नाही, ते जुन्या सहकाऱ्याला विचारून कळवणार आहेत. मी गुडघ्याचा पट्टा घेऊन ठेवलाय. मुलीने दुर्बीण मागितली आहे, ती दोह्यात घ्यावी की अमरावतीत, यावर घरात सध्या चर्चा चालू आहे.