सायकल उलटी ठेवून

आज पाऊस उघडला, म्हणून सायकल गॅलरीत उलटी ठेवली. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. आता कोपऱ्यावरचा दुकानदार आपल्या सायकलकडे दयेनंच बघतो. म्हणजे हात काळे करणं आलंच.

रात्रीतून हवा उतरली की सगळे पंक्चरच धरून चालतात. माझा पहिला संशय मात्र व्हॉल्व्हवर. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी असते, ती जुनी झाली की चिरते. नवी चढवली की काम झालं. खरंच पंक्चर असेल तर ट्यूब फुगवून बादलीत बुडवायची, बुडबुडे दिसले की जागा कोरडी करून कानसेनं खरवडायची, सोल्यूशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही! ओल्यावर डकवलेलं ठिगळ सुटणारच. टायरच्या आतून फडकंही फिरवावं. काटा तिथंच राहिला असेल तर सगळी मेहनत फुकट.

चेनला खोबरेल तेल घालणारे अजून भेटतात. थंडीत ते थिजतं, हे डोक्याला लावताना बरं आठवतं! मशीनचं पातळ तेल थेंबथेंब सोडावं आणि वरचं पुसून टाकावं, नाहीतर धूळ चिकटते. चेनच्या पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं. अशी 24 अंतरं 12 इंचांपेक्षा अष्टमांश इंचानं जास्त भरली, तर नवी चेन घ्या.

आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते सोडवताना पान्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा.